करंजगावचे डांगे आणि आपली वाण्याची यादी

मैत्रिणींनो, ज्या घरात कुणी सरकारी नोकरीत आहे, तिथे वर्षातून दोनदा एकच चर्चा रंगते. यंदा डी.ए. किती टक्क्यांनी वाढणार? जानेवारीचा झाला की जुलैचा. भाव वाढले की पगारही थोडा वर सरकायला हवा, हे आता आपल्याला इतकं साधं वाटतं की, त्यासाठी कुणी काही केलं असेल असं मनातही येत नाही. पण गिरणीचा मालक कामाचे पैसे देतो, मग ज्वारीचा भाव काय आहे याच्याशी त्याचा संबंध काय, असंच सगळे धरून चालत असत. तो संबंध आहे, हे गळी उतरवायला माणसांना महिनोन् महिने घरी बसावं लागलं, उपाशी राहावं लागलं, तुरुंगात जावं लागलं. त्यातलं एक मोठं नाव आपल्या नाशिक जिल्ह्यातलं आहे. श्रीपाद अमृत डांगे. गाव करंजगाव, तालुका निफाड.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. द्राक्षं, कांदा, ऊस, साखर कारखाना यावर आमच्याकडे तासन् तास बोलणारे भेटतील. डांग्यांचं नाव काढलं तर जुनी माणसं मान हलवतात, तरुण पोरं मात्र विचारतात, कोण डांगे? म्हणून आज हा लेख.

डांगे जन्मले १८९९ मध्ये, खात्यापित्या घरात. वडील मुंबईला सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून, गावाकडे भरपूर जमीन आणि मोठा वाडा. म्हणजे या मुलाने गिरणीची पायरी चढण्याचं काहीच कारण नव्हतं. मुंबईला विल्सन कॉलेजात शिकायला गेले. तिथे बायबलचा तास सक्तीचा होता. त्याविरुद्ध मुलांना उठवलं म्हणून कॉलेजातून नाव कमी झालं. आधी टिळकांची ओढ, मग १९२० च्या असहकाराची हाक. शिक्षण सुटलं ते सुटलंच. कॉलेजच्या दिवसांतच ते गिरणगावात सेवेच्या कामाला गेले होते. एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडं, धुराने काळ्या झालेल्या भिंती, नळावरची रांग हे सगळं त्यांनी पाहिलं ते तेव्हा.

१९२१ मध्ये त्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. ती वाचून रणछोडदास लोटवाला नावाचे गृहस्थ खूश झाले आणि त्यांनी या पोराला पुस्तकं आणि पैसा पुरवला. गंमत बघा, हे लोटवाला पिठाच्या गिरणीचे मालक होते! पुढच्याच वर्षी डांग्यांनी ‘सोशलिस्ट’ नावाचं साप्ताहिक काढलं. इंग्रज सरकारला ते झोंबलं. १९२४ मध्ये कानपूर कटाचा खटला भरला आणि चार वर्षांची शिक्षा दिली. १९२७ मध्ये सुटून आले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत वातावरण तापलेलं होतं.

इथे जरा थांबून गिरण्यांची परिस्थिती सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पहिल्या महायुद्धात धान्य-कापड भयंकर महाग झालं, तेव्हा मालकांनी पगारावर थोडा महागाई भत्ता द्यायला सुरुवात केली होती. पण तो त्यांच्या मर्जीचा. १९२५ साली धंदा मंदावल्याचं सांगून त्यांनी त्यात साडेअकरा टक्क्यांची कपात केली. कामगार तीन महिन्यांच्या आसपास बाहेर बसले, तेव्हा ती कपात मागे घेतली गेली. डांगे तेव्हा तुरुंगात होते, हेही सांगायला हवं. कामगार काही पुढाऱ्याची वाट बघत बसले नव्हते. मग मालकांनी दुसरी वाट काढली. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवायचे. एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन सांभाळायच्या. माणसं कमी, काम जास्त आणि याला नाव सुधारणा!

एप्रिल १९२८ मध्ये गिरण्या बंद पडू लागल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, बाहेर राहिले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. अध्यक्ष अर्जुन आळवे, स्वतः गिरणीत काम केलेले, आणि सरचिटणीस डांगे. नेमस्त विचारांचे ना. म. जोशी यांची वेगळी युनियन होती, तीही संपाच्या समितीत सोबत आली. वर्ष संपता संपता गिरणी कामगार युनियनचे सभासद ५० हजारांवर गेले.

सहा महिने पगार नाही म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुष्कळ कामगार बायकापोरांसह कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले. जे मुंबईत राहिले, त्यातल्या एकट्या पुरुषांची पोटं खानावळवाल्या बायकांच्या हाती होती. एकेका खोलीत चूल मांडून दहा-वीस जणांना दोन वेळचं घालायचं आणि महिन्याने पैसे घ्यायचे, असा त्यांचा धंदा. संप लागला की उधारी थकणार, आणि त्यांच्या डोक्यावर वाण्याचं देणं चढणार. संपाच्या इतिहासात सभा, मोर्चे, पुढाऱ्यांची भाषणं सगळं येतं, पण या बायकांच्या उधारीच्या वह्या कुणी जपून ठेवल्या नाहीत. खूप पुढे, १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं.

बायका फक्त चुलीपाशी होत्या असं मात्र नाही. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत पाचातला एक कामगार बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीळिंगच्या खात्यात. त्यांच्यावर नायकीण असे. कामावर घ्यायचं की नाही, हे तिच्या हातात. तिला खूश ठेवावं लागे. पगार पुरुषांपेक्षा कमी. बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून मुंबई इलाख्यात कायदा झाला तो १९२९ मध्ये. पण कायदा आला, खर्च वाढला, आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांनी बायकांनाच कमी करत आणलं. युनियनवाल्यांनी याविरुद्ध जेवढं भांडायला हवं होतं, तेवढं ते भांडले नाहीत, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. विणकामाच्या खात्यात पगार बरा होता, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागलं की विटाळ! मालकाविरुद्ध सगळे कामगार एक, पण धाग्याच्या टोकापाशी जात आडवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांनी जरा नाखुशीनेच ही मागणी आपल्या यादीत घातली. पुढे दहा वर्षांनी चित्र थोडं बदललं. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, बाबासाहेबांनी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद घेतली. त्याच वर्षी मुंबई सरकारने संपावर बंधनं घालणारं विधेयक आणलं, तेव्हा ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांग्यांचे कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विचार जुळत नव्हते, तरी त्या दिवशी बरोबर होते.

मधली दहा वर्षं मी ओलांडून गेले. त्यात डांग्यांच्या घरातली गोष्ट आहे, आणि मला ती त्यांच्या भाषणांपेक्षा जास्त जवळची वाटते. १९२८ मध्ये त्यांनी उषाताईंशी लग्न केलं. उषाताई विधवा होत्या. त्या काळी ब्राह्मण घरात असा विवाह म्हणजे केवढं धाडस! संसार मांडला नाही तोच मार्च १९२९ मध्ये मेरठ कटाच्या खटल्यासाठी डांग्यांना पकडून नेलं. देशभरातून तिसाच्या वर लोक धरले होते. खटला चालला जवळजवळ चार वर्षं. १९३३ च्या सुरुवातीला डांग्यांना बारा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली, आणि १९३५ मध्ये ते सुटले.

इकडे मुंबईत उषाताई, पदरात लहानगी रोझा, आणि पुढारी नसलेली युनियन. १९२९ चा संप फसला आणि सभासद गळाले. अशा वेळी एखादी माहेरी निघून गेली असती, तरी तिला कुणी बोल लावला नसता. उषाताई गिरणीच्या फाटकावर गेल्या. बायका कामगारांत बसू लागल्या, त्यांच्या चाळीत जाऊ लागल्या. नायकिणीचा जाच, फाळक्यांचे कमी दर, तान्ह्या पोराला ठेवायला जागा नाही, ही गाऱ्हाणी पुरुष पुढाऱ्यांपुढे मोकळी होत नसत, ती त्यांच्यापुढे झाली. पुढे त्या आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका संपात पुढे दिसू लागल्या. उषाताईंनी उतारवयात आपलं आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘पण ऐकतं कोण?’. नावातच सगळं आलं, नाही का? मुलगी रोझा देशपांडे १९७४ च्या पोटनिवडणुकीत मुंबईतून लोकसभेवर गेली.

आता महागाई भत्त्याकडे येऊ. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत बाजार भडकला. पगार तेवढाच. गिरण्यांना मात्र युद्धामुळे बरकत. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत पुन्हा सार्वत्रिक संप झाला. पावणेदोन लाखांच्या आसपास कामगार, सुमारे चाळीस दिवस, आणि मुख्य मागणी महागाई भत्ता. डांग्यांना सरकारने लगेच उचललं. संप मागणी पदरात पडण्याआधीच संपला. पण युद्ध चालू असतानाच मुंबईच्या गिरण्यांचा भत्ता जीवनमानाच्या निर्देशांकाशी बांधला गेला. आकडा वर गेला की भत्ता वर.

हा आकडा काढतात कसा, हे आपण बायकांनी समजून घेण्यासारखं आहे, कारण तो आपल्या वाण्याच्या यादीतूनच निघतो. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१ पासून हे काम सुरू केलं. आधी कामगारांच्या काही घरांत जाऊन महिन्याचा खर्च लिहून घ्यायचा. शंभर रुपयांतले किती धान्यावर, किती भाड्यावर, किती सरपण, कापड, तेल, तंबाखूवर. त्याप्रमाणे प्रत्येक वस्तूला वजन द्यायचं. मग ठरावीक दुकानांतून दर महिन्याचे भाव आणायचे आणि पहिल्या वर्षाशी ताडून पाहायचे. पहिल्या वर्षी शंभर धरले असतील आणि आता एकशे वीस आले, तर महागाई वीस टक्के.

ऐकायला सरळ वाटतं, पण सगळी मेख यादीत असते. समजा, यादीत रेशनचा तांदूळ आहे आणि रेशनवर तो आठवडाभर आलाच नाही, म्हणून तुम्ही वाण्याकडून चढ्या भावाने आणला. आकड्यात भाव लागणार रेशनचा! किंवा यादीतलं लुगडं बाजारात मिळेनासं झालं आणि त्याऐवजी हलक्या पोताचं धरलं, तर कागदावर कापड महाग झालंच नाही. एकेका अंकाला लाखो लोकांचे पैसे अडकलेले. १९६३ साली मुंबईच्या कामगार संघटनांनी हा आकडाच चुकीचा आहे म्हणून मोठा आवाज उठवला, त्यात डांगे आघाडीवर होते. सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि महागाई खरोखरच कमी दाखवली जात होती, हे समितीने मान्य केलं. मला वाटतं, डांग्यांच्या आयुष्यातलं हे काम सभा-मोर्च्यांइतकं गाजलं नाही, पण कामगाराच्या घरात जास्त पोचलं. तसं आपलं नाशिकही या हिशेबात आहे बरं का. देशातल्या औद्योगिक कामगारांचा निर्देशांक २००१ हे मूळ वर्ष धरून काढायला लागले, तेव्हा भाव गोळा करण्याची ७८ केंद्रं होती, त्यात एक नाशिक. सातपूर-अंबडच्या कामगाराच्या घरातली डाळ अशी दिल्लीच्या आकड्यात जाते.

आता पगार मुळात किती असावा? यावर जुलै १९५७ मध्ये दिल्लीत भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार तिघेही त्यात होते. डांगे त्या वेळी आयटक या देशातल्या सर्वांत जुन्या कामगार महासंघाचे सरचिटणीस. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत त्याच वर्षी ते मुंबईतून प्रचंड मतांनी लोकसभेवर गेले होते. परिषदेने किमान वेतनाचं माप ठरवलं. एक कमावणारा आणि त्याच्यावर अवलंबून असणारे, मिळून तीन माणसांचं खाणं. माणशी दिवसाला २,७०० उष्मांक. कापड माणशी वर्षाला १८ वार, चौघांना ७२ वार. घरभाडं सरकारी औद्योगिक घरांच्या दराने. आणि सरपण, दिवाबत्ती, किरकोळ खर्चाला एकूण वेतनाचे २० टक्के.

चौघांचं घर आणि तीन माणसांचं खाणं, हे कसं? तर पुरुष एक, त्याची बायको ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६. झाले तीन! पहाटे पाणी भरणारी, दोन वेळचं रांधणारी, शिवाय विड्या वळणारी किंवा कांड्या भरणारी बाई जेवायला मात्र ०.८. सिन्नरच्या विडी कामगार बायका किंवा मालेगावात यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या बायका यांना हे माप दाखवलं तर त्या हसतील. आणि १८ वारांत येतात बरोबर दोन नऊवारी लुगडी. चोळीचं काय, ते परिषदेने सांगितलेलं नाही. तिची स्वतःची कमाई या हिशेबात धरायची नाही, असंही ठरलं. मला विचाराल तर ते योग्यच होतं, नाही तर बाई कमावते म्हणून पुरुषाचा पगार कापायला मोकळे!

डांग्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. १९४२ मध्ये सगळा देश चले जावच्या लढ्यात असताना त्यांचा पक्ष बाजूला राहिला. १९७५ च्या आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा कितीतरी कामगार कार्यकर्ते तुरुंगात होते. स्वतः इतकी वर्षं तुरुंग भोगलेल्या माणसाने असं करावं, याचं वाईट वाटतं. १९६४ मध्ये त्यांचा पक्ष फुटला, त्याला त्यांच्या नावावरची जुनी पत्रंही कारण झाली. तुरुंगात लिहिलेल्या त्यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकाची दामोदर कोसंबींनी चांगलीच झाडाझडती घेतली. शेवटी १९८१ मध्ये, ज्या पक्षाच्या पायाभरणीला ते होते, त्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं.

गिरण्यांतही त्यांचा हात कधीच सुटला होता. १९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता मिळे, आणि ती मुंबईच्या गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. गिरणी कामगार युनियनला माणसं मानत, पण वाटाघाटीच्या टेबलावर जागा नाही. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या मागे जाऊन अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा डांगे ८२ वर्षांचे होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. १९२८ साली जो गिरणगाव सहा महिने तग धरून राहिला, तो त्यानंतर हळूहळू रिकामा झाला. २२ मे १९९१ रोजी डांगे मुंबईत वारले.

त्यानंतर पाच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात किमान वेतनाचं ते जुनं माप पुन्हा हातात घेतलं. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरावेत असा निकाल दिला. १९५७ च्या मापात हे वेगळं धरलेलं नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने तीनऐवजी ३.६ माणसांचं खाणं धरा, अशी शिफारस केली. २०२० मध्ये वेतन संहितेच्या नियमांचा मसुदा निघाला, त्यात नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून तीनच माणसं राहिली. कापडाचे ७२ वार तेवढे बदलले. त्यांचे ६६ मीटर झाले.